मोहन्याची सेलेस्टा

मॅग्डलीन आंटीनं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि रुमालानं ओठ टिपले.

"ओवेन, रागावू नकोस. हे कंपनीचं पाणी. खरी सेलेस्टा मोहन्याला मिळायची."

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात थांबलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. ओवेन डिमेलोनं हसून साजरं केलं, पण आतून त्याचा नुसता तिळपापड झाला. दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव चाललं असतं. मोहन्याचं नको होतं.

सेलेस्टा हे सरबत त्याच्या वडिलांचं. व्हॅलेंटाईन डिमेलो ठाण्यातल्या घरामागे पाक शिजवायचे, त्यात सोडा भरायचे आणि बायकोचं, सेलेस्टीनचं नाव थोडं छाटून बाटलीवर लावायचे. ओवेन जेमतेम चालायला लागला तेव्हा ती वारली. व्हॅलेंटाईनचं कशात मन लागेना. त्यांनी सेलेस्टा एका मोठ्या कंपनीला परवान्यावर देऊन टाकली. मालकी डिमेलोंची, बनवायचा हक्क कंपनीचा. करारात दोन अटी होत्या. डिमेलोंनी ते सरबत पुन्हा बनवायचं नाही, घरच्या नाताळालासुद्धा नाही. आणि कुणी नक्कल केली, तर तक्रार मालकानं करायची.

कंपनीची पहिली बाटली घरी आली. व्हॅलेंटाईननी चाखली, "बरी आहे" म्हणाले आणि पुन्हा कधी ती घरात आणली नाही. विकलेल्या वस्तूकडे माणसाला बघवत नाही, असं ओवेनला मोठेपणी वाटायचं.

मग कल्याणजवळच्या मोहन्यात रामा भोईर उगवला. रेयॉनच्या कारखान्यात पाळी करणारा साधा माणूस, पण त्याच्या घरून बिनलेबलाच्या बाटल्या निघायला लागल्या. शहाडपासून डोंबिवलीपर्यंत लग्नाहळदीला लोक राजरोस "मोहन्याची सेलेस्टा" मागायचे.

व्हॅलेंटाईननी तक्रार केली. एकदा नाही, दरवर्षी केली. कंपनीची माणसं छापा घालायला जायची आणि अंगणात धुऊन उपड्या घातलेल्या रिकाम्या बाटल्या बघून परत यायची. रामा त्यांना चहा पाजायचा म्हणे. दर शनिवारी व्हॅलेंटाईन स्वतः मोहन्याला जायचे. "त्या रामावर नजर ठेवायला हवी," म्हणायचे. रात्री परत यायचे ते लाल डोळ्यांनी, दमून, एक शब्द न बोलता झोपायचे. एका नक्कल करणाऱ्यानं आपल्या बापाचं रक्त आटवलं, हे ओवेननं लहानपणीच मनाशी पक्कं केलं.

बाप गेला तेव्हा रामा बायकोला घेऊन दफनाला आला होता. ओवेननं त्याला दफनभूमीच्या गेटावरूनच परत पाठवलं. त्यानंतर मोहन्याच्या बाटल्या बंद झाल्या. आपण रामाला दम भरला म्हणूनच त्या बंद झाल्या, असं ओवेन पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत सांगत राहिला.

आता परवान्याची मुदत संपली होती. कंपनीला सेलेस्टात रस उरला नव्हता. तिनं नाव परत केलं आणि बनवायची कृतीही दिली. ओवेननं नोकरी सोडली आणि त्याच कृतीनं सरबत बनवायला घेतलं. बापाचं सरबत पुन्हा लोकांच्या ओठी लागावं, एवढ्या एका इच्छेवर तो उभा होता. त्याच्या मुलीनं, हेझलनं, टेंभी नाक्याला नवरात्रीसाठी स्टॉलही घेऊन ठेवला होता.

आणि ज्याला त्याला हवी होती मोहन्याचीच.

"डॅडी, तिकडे जाऊन विचारा ना सरळ," हेझल म्हणाली. "रामाकाका नाहीत, पण त्यांची बायको असेल. इगो घेऊन काय करणार आपण? टेस्ट तीच पाहिजे ना लोकांना?"

"चोराच्या दारात जाऊ?"

"मग स्टॉल कॅन्सल करू?"

ओवेन दोन दिवस धुमसला आणि तिसऱ्या दिवशी मोहन्याला गेला.

विमलाबाई भोईर घरात एकट्याच होत्या. जुन्या घराच्या जागी आता दुमजली बंगला उभा होता. त्यांनी ओवेनला ओळखलं, खुर्ची दिली, सुनेनं करून ठेवलेला चहा गरम करून आणला. ओवेननं कप तसाच खाली ठेवला.

"मावशी, भांडायला नाही आलोय," तो म्हणाला. "रामाकाकांची कृती मला द्या. बाटलीवर त्यांचं नाव लावीन. माझ्या बापाच्या नावाखाली लावीन."

विमलाबाई त्याच्यासमोर बसल्या.

"तुजा बापूस गेला तवा आमी आलेलो. तू यांना आत येव दिलं नाय."

ओवेनची मान खाली गेली. त्याला खरोखर लाज वाटली. "चुकलं माझं. माणूस मयताला आला होता, तेवढं तरी बघायला हवं होतं."

"यांनी कवा राग धरला नाय रं. गाडीत रडले निसते. म्हनायचे, पोराला ठावं नाय, त्याचा काय दोष."

"काय ठाऊक नव्हतं?"

विमलाबाईंनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. ओवेनला वाटलं, म्हातारी टाळतेय.

"मावशी, मी वाद घालत नाही. चव तुम्ही कुठूनही उचलली असेल. मला फक्त ती कशी बनवायचात ते सांगा."

"आमाला कुठं ठावं?" विमलाबाई म्हणाल्या. "आमी दोघा निसत्या बाटल्या धुवायचो. चुलीशी दर शनवारी तुजा बापूसच बसायचा."