शनिवारचं बटण

"बट दे डिडंट डू एनीथिंग, आजी," तालिया म्हणाली आणि उरलेलं शेवटचं बटण तिनं डब्यात परत टाकलं.

मेणबत्त्या शोधणारी शोशना जागच्या जागी थांबली. शुक्रवार होता आणि हिवाळ्यात नॉर्थ यॉर्कचा सूर्य चहाच्या वेळेलाच घरी जायला निघतो. मेणबत्त्या लागल्या की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसावा, सुरू; मग काम बंद. आणि कॉन्डोतल्या त्या एकुलत्या एका टेबलावर अजून अख्खं बेट पसरलेलं होतं.

बेट कणकेचं होतं. शोशनाच्या जन्मगावाचं, एकेकाळी बेट असलेल्या उरणचं. एखादं जुनं बेट घ्या, तिथे कोण येऊन वसलं, कोणी ते जिंकलं ते दाखवा, असं शाळेनं सांगितलं होतं. तालियानं प्रत्येकाला एकेक बटण दिलं होतं. दाबलं की तिनं रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. कोळ्यांच्या लाटा, शिलाहारांची छिन्नी, पोर्तुगिजांच्या चर्चची घंटा, मराठ्यांचे घोडे. इंग्रजांच्या तोफेसाठी तिनं वॉशरूमचं दार असं आपटलं होतं की खालच्या मजल्यावरून फोन आला.

आणि आपले बेने इस्रायली ज्यू? फुटक्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे? त्यांनी ना किल्ला बांधला, ना कोणाशी लढाई केली. त्यांचा आवाज तरी कसला द्यायचा, असा तालियाचा सवाल होता. सोमवारी वर्गासमोर उभं राहायचं होतं आणि तिला हसं करून घ्यायचं नव्हतं.

शोशनाला लागलं. चांगलंच लागलं. ज्या मातीत आपले आजे-पणजे पुरलेत, तिथून नातीनं आपल्याच माणसांना वगळावं? पण रागवायचं कोणावर? पोरीनं घाणा कधी पाहिलाय कुठे. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली. बैल गोल गोल फिरायचा, लाकडावर लाकूड घासायचं, आणि ती कुरकुर पार बंदरापर्यंत ऐकू जायची.

हे रेकॉर्ड करूया, म्हणत तालियानं बटण पुन्हा बाहेर काढलं. शोशनानं घसा खाकरून घाण्याची नक्कल केली. कावळ्याला खोकला झाल्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. मग शोशनानं मान हलवली.

"हा आवाज सगळ्याच तेल्यांचा गं. आपला नव्हे. आपला घाणा शनिवारी बंद. बैलालासुद्धा सुट्टी. कुरकुर ऐकू आली नाही की शेजारची कोळीण म्हणायची, आज शनिवार."

तालियानं कपाळाला आठ्या घातल्या. "सो अवर साउंड इज नथिंग?"

"नथिंग कसं? शनिवार."

तालियानं उठून डिशवॉशर बंद केला, ओठांवर बोट ठेवलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

खोली गप्प झाली. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं, त्याचाही आवाज नव्हता. शोशना हात मांडीवर घेऊन बसली होती. तिला आळीतली घरं दिसली. एक घर इस्रायलमध्ये लोदला गेलं, एक तिथेच अश्दोदला, आणि ती स्वतः इथे. आता त्या घरांतून कुठल्याच वारी आवाज येत नाही, शनिवार आहे की मंगळवार, कोळणीला कळायचं तरी कसं? तिला एकदम भरून आलं.

तालियानं बटण दाबून ऐकलं. काही नाही. काहीच नाही. आणि अगदी शेवटी, हळूच, कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज.

"आजी, दॅट्स यू," ती म्हणाली. मग आजीच्या तोंडाकडे बघून तिनं मराठीत विचारलं, "परत करू?"

"राहू दे," शोशना पदरानं डोळे पुसत म्हणाली. "घरात माणसं आहेत, हे कळायला हवं."