भरलेली गाडी

सुट्टीत पोरं येणार, सामानाला ट्रेलर हवा, म्हणून म्हाताऱ्या वेल्डरने गाडीमागे लावायचा हूक घरीच बनवला. पण त्याची उंची गाडीत माणसं बसलेली असतानाच मोजायची असते, आणि घरात माणसं दोनच. मग त्याने मागच्या सीटवर वाळूची दोन पोती वजन करून ठेवली. थोरल्याचं तीस किलोंचं, धाकटीचं बावीस.

"अहो, काहीतरीच काय!" बायको फणकारली. "लग्नं झाली पोरांची. एवढीशी राहिलीत का ती आता?"

"मला तीच वजनं पाठ आहेत," तो पुटपुटला.

ती तरातरा गाडीपाशी आली. आता ही पोती बाहेर काढणार, असं त्याला वाटलं. तिने दोन्ही हातांनी थोरल्याचं पोतं पार खिडकीपर्यंत ओढलं.

"इतकी चिकटून नका ठेवू. भांडतात दोघं."