क्रूझरचे दार

बाबासोने लोखंड कापायचा गॅस कटर विझवला. कळंबोलीच्या भंगार यार्डात, सिमेंटच्या कोब्यावर, महायुद्धातल्या एका क्रूझर युद्धनौकेचे पोलादी दार आडवे पडले होते. टॉर्पेडो लागला तेव्हा जहाज वाचावे म्हणून ते खालच्या खलाशांवर बाहेरून बंद केले गेले होते.

आता त्याखालून मुठी आदळू लागल्या.

"शेठ, खाली माणसं हायत."

"येडा झालास? खाली कोबा हाय!" हसत यार्डाचा मालक हरेशशेठ दारावर चढला आणि बूट आपटत नाचला.

कडांतून रक्ताळलेले खारे पाणी उसळले. मुठी थांबल्या. मग खालून हरेशशेठचाच गुदमरलेला आवाज आला, "बाबासो, काप! पानी चढतंय!"

दारावर उभ्या शेठचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मग तुमी कोण?" बाबासोने त्याला विचारले.

दारावरचा तो खाली उतरला आणि खलाशासारखा डुलत चालू लागला.