दोन ठोके

"ती टेप लावू नकोस, पोरी," म्हातारा रेकॉर्डिस्ट म्हणाला.

तरुण रेकॉर्डिस्टचा हात बटणावरच थांबला. मागच्या खुर्चीत तिची मावशी, म्हणजे ते गाणं गाणारी खुद्द गायिका, बसली होती. तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

गाण्याला तीस वर्षं झाली होती. लग्नात, जिममध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथे म्हणून पाय थिरकतात तिथे ते वाजतंच. ध्रुवपदाआधी दोन ठोके ते अचानक मुकं होतं. अख्खी गर्दी हात वर करून थिजते, आणि मग जो काही धुमाकूळ सुरू होतो! संगीतकार मुलाखतींत सांगायचे, ती शांतता त्यांना सुचली. सुचली कसली! धंद्यात सगळे सांगायचे, या म्हाताऱ्याने चुकीचं बटण दाबून तेवढी टेप पुसली होती. वादक घरी गेले होते, सकाळी गाणं कंपनीकडे द्यायचं होतं. तसंच दिलं. त्याची मात्र त्याच दिवशी नोकरी गेली. धंद्यातले लोक त्याला अजून 'दोन ठोके' म्हणतात.

गाण्याच्या नव्या आवृत्तीच्या निमित्ताने स्टुडिओतलं कपाट हलवलं, तर मागे दडवलेली जोडटेप सापडली. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली. डब्यावरचं अक्षर म्हाताऱ्याचं, म्हणून त्याला बोलावलं होतं.

"काका, आता कसली लाज?" मुलगी हसली. "गाणं माझ्याच वयाचं आहे. तिथे काय होतं ते मला ऐकायचंय."

"काही नव्हतं. जाळून टाक." त्याने गायिकेकडे पाहिलं.

"लाव," गायिका म्हणाली.

"बाई, नको. इतकी वर्षं मग मी..."

"लाव म्हणते ना!"

गाणं सुरू झालं. एकोणीस वर्षांच्या मुलीचा तो आवाज चढत गेला. ध्रुवपद तोंडावर आलं, आणि नेमक्या त्या दोन ठोक्यांवर एक तान्हं बाळ रडलं.

मुलीने टेप मागे घेऊन पुन्हा ऐकलं. "स्टुडिओत बाळ? कुणाचं?"

"माझं," गायिका म्हणाली. "स्टुलाखाली टोपलीत ठेवलं होतं. माझं लग्न झालं नव्हतं. ड्रमच्या दणदणाटात कुणाला ऐकू गेलं नाही, पण माझ्या माइकमधून टेपवर आलं. संगीतकारांना कळलं असतं, तर गाणं दुसरीला गेलं असतं. यांनी ते पुसलं, नोकरी घालवली, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले."

म्हाताऱ्याने यंत्र बंद केलं.

"पण मावशी, मग ते बाळ..."

गायिका उठून तिच्यापाशी आली.

"भूक लागली होती तुला."