निळ्यांच्या घरातली पनवती

"आज तरी थांब ना, आजी," यादिरा म्हणाली.

ओतिलिया आजीनं डोक्याला रुमाल बांधला, पिशवी खांद्याला अडकवली आणि आरशात बघतच म्हणाली, "आणि निळे हरले म्हणजे? तुझा विनिसिओ काका मला न्यूयॉर्कपर्यंत ऐकवेल."

टीव्हीसमोर बसलेला काका हसला. गेली पन्नास-बावन्न वर्षं या घरातला हा ठरलेला विनोद होता. निळे आणि तांबडे हे शहरातले दोन बेसबॉल संघ; त्यांचा सामना असला की आजीनं घराबाहेर जायचं. ती पनवती होती.

विल्या हुआना वस्तीतल्या या घरात जन्माला येणारं मूल निळ्यांचंच असायचं. बारशाला निळं झबलं, पणजोबांच्या शवपेटीत निळी टोपी. यादिराला अक्षरं कळण्याआधी निळ्यांच्या खेळाडूंची नावं पाठ होती. फेर्मिन आजोबा तिला मांडीवर घेऊन रेडिओ लावायचे आणि चेंडू टाकला जाण्याआधी दोघंही श्वास रोखून धरायची. त्या मांडीची आठवण आली की अजूनही तिचे डोळे भरून येत.

पण एका गोष्टीसाठी तिनं आजोबांना माफ केलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात नवी सून तांबड्यांविरुद्धचा सामना ऐकायला घरच्यांबरोबर बसली आणि निळ्यांनी हातात आलेला सामना घालवला. 'ही पनवती आहे' असं सगळ्यांत आधी म्हणाले ते आजोबाच. पुढच्या सामन्याला त्यांनी स्वतः तिला दारापर्यंत नेलं, चर्चमध्ये जाऊन बस म्हणून सांगितलं आणि निळे जिंकले. मग काय, नियमच झाला. एरवी हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, बायकोला रोज सकाळी स्वतः कॉफी करून द्यायचा. पण तांबड्यांशी सामना असला की मात्र घड्याळाकडे बघत तिच्या मागे लागायचा, "ओतिलिया, निघ आता, उशीर होतोय."

आजीनं कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या कुठल्या संघाशी सामना असला तर ती तुरीच्या शेंगा सोलत सगळ्यांत बसायची. तांबडे आले की उठायची. परत यायची तेव्हा घसा पार बसलेला असायचा. किती प्रार्थना केलीस गं आमच्यासाठी, असं म्हणून कडक स्वभावाचे पणजोबासुद्धा विरघळायचे. निळे हरले तर घरात सुतक, आणि ही एकटी चुलीपाशी उभी राहून सगळ्यांसाठी मटणाचा, कंदमुळांचा सांकोचो रटरटत ठेवायची. त्या दिवशीचा रस्सा नेहमीपेक्षा चविष्ट असायचा. इतकं करूनही पनवती ती पनवतीच. यादिराला लहानपणापासून याची चीड होती.

आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. पुढच्या आठवड्यात आजी न्यूयॉर्कला आत्याकडे कायमची राहायला चालली होती. आणि आज, रविवारी दुपारी, अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना होता, निळे विरुद्ध तांबडे. आपल्या माणसांत बसून असा सामना बघायची आजीची ही पहिली आणि शेवटची संधी. यादिरानं आठवडाभर घरातल्या एकेकाची मनधरणी केली होती. विनिसिओ काकाही कुरकुरत का होईना, तयार झाला होता. तयार नव्हती ती फक्त आजी.

"आजोबा आता नाहीत," यादिरा हळूच म्हणाली. "आता कोण घालवतंय तुला?"

आजी दाराशी थबकली. "त्यांनी घालून दिलेलं आहे, पोरी. या घरात आहे तोवर चालू दे," असं म्हणून तिनं नातीच्या गालावरून हात फिरवला आणि ती निघून गेली.

सामना सुरू झाला, पण यादिराचं लक्ष लागेना. चौथ्या डावात निळ्यांनी दोन धावा काढल्या तेव्हा काका म्हणाला, आई पोचली वाटतं चर्चमध्ये. सगळे हसले. यादिराला मात्र तिथे बसवेना. निळे हरले तर हरोत, आजीला घेऊनच यायचं, असं ठरवून ती बाहेर पडली.

चर्चला कुलूप होतं. पायरीवर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला तिनं विचारलं. ओतिलिया रोज सकाळी येते, बाई म्हणाली, पण रविवारी दुपारी चर्च बंदच असतं. सामन्याच्या दिवशी तर इकडे चिटपाखरूही फिरकत नाही.

"कधीच आली नाही?"

"बावीस वर्षं बसतेय मी इथे. कधीच नाही."

शहात्तर वर्षांची बाई, इतकी वर्षं जाते तरी कुठे? घरच्यांच्या हौसेपायी ती एकटीच रस्त्यांवरून फिरत असेल या विचारानं तिला रडू फुटलं. आजोबांचा असा राग तिला कधी आला नव्हता. कुणी आजीला पाहिलंय का हे विचारायला ती धावत कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. तिथे सगळी गर्दी टीव्हीकडे तोंड करून उभी होती.

"यादिरा," दुकानदार पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ही तुमची ओतिलियाच ना गं?"

पाचवा डाव संपला होता. स्टेडियममध्ये, पहिल्या रांगेत, नखशिखांत तांबड्या कपड्यांत आजी उभी होती. शेजारी माईक घेतलेला निवेदक सांगत होता: ही तांबड्यांची सर्वांत जुनी पाठीराखी. लहानपणी वडिलांनी बोट धरून याच खुर्चीवर आणून बसवलं, तेव्हापासून, लग्नानंतरचा एक सोडला तर, तिनं निळ्यांविरुद्धचा इथला एकही सामना चुकवलेला नाही. इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर यायला नाही म्हणत होती, आता देश सोडून चालली म्हणून आज कबूल झाली.

"आणि ओतिलियाबाई, घरी कुणालाच ठाऊक नव्हतं?" त्यानं विचारलं.

आजीचा घसा बसला होता. "नवऱ्याला होतं," ती म्हणाली. "ते पक्के निळे. पण सासऱ्यांच्या घरातून मला इथे येता यावं म्हणून पनवतीची गोष्ट त्यांनीच रचली. मरेपर्यंत माझं तिकीटही तेच आणून द्यायचे."