मांडीखालचा हात

पट्टी तिने पिशवीतून काढली आणि टेबलाच्या खणात सरकवली. लाकडी, फूटभर लांब, एका कडेला पितळेची पत्ती. अशी पट्टी आता कोण विकतं? चार दुकानं पालथी घातली तेव्हा मिळाली. आज सर पहिला अख्खा शब्द लिहिणार होते. आणि आज ती त्यांना सांगणार होती, आपण कोण ते.

लकवा झालेल्या माणसांचे हातपाय पुन्हा कामाला लावायचे, हा तिचा पेशा. तोंडाने "बरं आहे" म्हणणाऱ्याची चपलेतली बोटं आखडली की तिला कळायचं, दुखतंय. नव्या मुली विचारायच्या, "पेशंट तुमच्याशीच कसे बोलतात हो?" ती म्हणायची, "त्यांच्या डोळ्यांच्या जरा खाली बसा. ते घेतात तसा श्वास घ्या. पुढचं अंगच बोलतं."

सहा आठवड्यांपूर्वी सरांना त्यांच्या सुनेने चाकांच्या खुर्चीतून आणलं. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. तिने दारातच ओळखलं. तिसरीत याच माणसाने तिच्या वेणीची रिबीन सोडून तिचा डावा हात बाकाला बांधला होता. एकदा नाही, वर्षभर. हात सुटला की पितळी कड बोटांच्या पेरांवर. 'डावरी' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. रोज घरी जाताना एक वेणी बांधलेली, एक सुटलेली. चित्रं काढायचा हात होता तो. वर्ष संपेपर्यंत ती उजव्याने सुरेख लिहायला लागली, आणि चित्र पुन्हा कधी निघालं नाही.

सरांनी तिला ओळखलं नाही. कशाला ओळखतील?

पहिल्या दिवशी ती "आता डाव्याने लिहायला शिकायचं, डावा हात द्या" म्हणाली, तर त्यांनी तो मांडीखाली दडवला. उजवा गेला तरी माज काही गेला नाही, तिने मनात म्हटलं. मग सगळं कसब पणाला लावलं. स्टूल खाली केलं. सर वाकले की ती वाकायची, ते थांबले की थांबायची, त्यांची मान कलली की तिचीही कलायची. हळूहळू त्यांचे खांदे उतरले. मांडीखालचा हात टेबलावर आला.

"आमच्यापाशी घुम्यासारखे बसतात," सून म्हणाली. "तुम्ही काय जादू केलीत, मॅडम?"

"जादू कसली? माणसाला भरवसा वाटला की झालं," ती हसून म्हणाली. वाटू दे, पुरता वाटू दे. उंचावरून पडलं की लागतंही तसंच.

डावा हात भराभर वळू लागला. इतक्या लवकर आजवर कुणाचाच वळला नव्हता. श्रेय तिने स्वतःला देऊन टाकलं.

आणि काल तिच्या साडेतीन वर्षांच्या लेकीने मांजर काढलं. मिशांसकट, डाव्या हाताने. तिने लेकीची ती इवली बोटं एकेक करून ओठांना लावली, आणि आतून जुनं काहीतरी पेटत वर आलं. बस. उद्याच.

आज सून बाहेर बाकावर बसली होती. सरांनी पेन धरलं. क, म, ळ. अक्षर गोल, वळणदार. पाटी दाखवायला आलेलं पोर बघतं तसं, अर्ध्या तोंडाने हसत, त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

तिने स्टुलावर बसल्याबसल्याच खण उघडला.

"सर, ओळखलंत का मला? मी डावरी. खिडकीजवळचा बाक. रिबीन आठवते?"

उत्तराला थांबलीच नाही. पट्टी टेबलावर हाणली.

पेन उडालं. सरांचा डावा हात झटक्यात मांडीखाली गेला. खांदे कानांपर्यंत चढले, डोळे गच्च मिटले. सहा आठवड्यांत ज्यातून एक वाक्य धड फुटलं नव्हतं, त्या तोंडातून लहान मुलाचा बारीक आवाज आला.

"बांधू नका, बाबा. उजव्याने लिहितो."

पेन घरंगळत तिच्या पायाशी येऊन थांबलं. ते उचलून सरांना द्यावं म्हणून तिने डावा हात पुढे केला, तर तो येईना. तिने खाली पाहिलं. पट्टी तिच्या उजव्या हातात होती, आणि डावा केव्हाचा तिच्याच मांडीखाली जाऊन बसला होता.