पंधरा वर्षांची पर्शियन

हेमलताच्या बोटावरचा कापूस अजून ओला होता. मांजरांच्या दुकानातली मुलगी रक्ताचा अहवाल वाचून म्हणाली, "काकू, पर्शियन तुमच्या नावावर नाही देता येणार. ती पंधरा वर्षं जगते. तुम्ही या पिंजऱ्यातलं निवडा."

पिंजऱ्यावर पाटी होती : आखूड केस, शांत स्वभाव, आयुष्य दोन वर्षं.

मालकामागे मांजर पोरकं होऊ नये, म्हणून दुकानवाले माणसाचं उरलेलं आयुष्य रक्तावरून तपासून कुठल्या जातीचं मांजर द्यायचं ते ठरवत. हेमलताने माहितीपत्रकात ते वाचलं होतं. पण हे म्हाताऱ्यांसाठी असेल, असं तिला वाटलं होतं. ती एकावन्न वर्षांची होती. तिच्या नवऱ्याने, दिगंबररावांनी, नेहमीप्रमाणे काहीच वाचलं नव्हतं.

तिला काहीच वाटेना. बोटाला कापूस चिकटलाय, एवढंच जाणवत होतं.

दिगंबरराव खाण्याच्या पिशव्या बघून आले. "काय गं, देतायत ना पर्शियन?"

"मला ॲलर्जी निघाली. तुमच्या नावावर घेऊ."

"मग मांजरच कशाला? तुला त्रास होईल."

"होऊ दे. तुम्ही बोट पुढे करा."

मुलीने एकदा हेमलताकडे पाहिलं आणि दिगंबररावांच्या बोटाला सुई टोचली. दोन मिनिटांत पांढरी पर्शियन दिगंबररावांच्या मांडीवर येऊन बसली. हेमलताने त्यांच्या हातात कंगवा दिला.

"रोज विंचरायचं. आधी कानामागे, तिथे गुंता होतो."

"घरी गेल्यावर दाखव ना तू."

"आत्ताच विंचरा," ती म्हणाली. "मी बघते."